पाठमोरे घरमालक

आमच्या घरमालकांइतका पाठीने बोलणारा माणूस उभ्या मराठवाड्यात दुसरा नसेल. त्यांच्या गारखेड्यातल्या घराचा वरचा मजला मी भाड्याने घेतला, त्या दिवशी त्यांनी मला पाण्याची टाकी दाखवली, मीटरची पेटी दाखवली, गच्चीत पावसाळ्यात पाणी कुठून झिरपतं ती जागा दाखवली; चेहरा तेवढा दाखवला नाही. ते पुढे चालत होते आणि सगळी माहिती खांद्यावरून मागे टाकत होते. "ही पायरी जपून बरं का," हे त्यांनी स्वतः पायरी ओलांडल्यावर सांगितलं. तोवर माझा गुडघा फुटला होता. सगळं घर फिरून झाल्यावर ते फाटकाशी वळले, तेव्हा त्यांना मिशा आहेत हे मला कळलं. मी बातमीदार आहे हे ऐकल्यावर त्यांनी मला 'पेपरवाले' म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव कायमचं ठेवलं. मी त्यांना काका म्हणू लागलो.

या सवयीचं कारण त्यांच्या नोकरीत होतं. सोयगावकडच्या शेतकरी घरातून ते पाटबंधारे खात्यात लागले आणि कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. कालव्याच्या काठाने दोघांना शेजारीशेजारी चालता येईल अशी वाट बहुतेक ठिकाणी नसते. साहेब पुढे, चौकीदार मागे. नजर पाण्यावर, हुकूम पाठीमागे. गळती कुठे आहे, दार कुणी उचललं, गवत कधी काढणार, हे सगळं काका समोरच्या हवेशी बोलायचे आणि मागून "व्हय साहेब" असं उत्तर यायचं. निवृत्तीनंतर चौकीदार उरले नाहीत. काकू उरल्या.

संध्याकाळी दोघं फिरायला निघत. काका पुढे, काकू चार हात मागे, हातात पिशवी. काका रस्त्याच्या खड्ड्यांपासून अमेरिकेच्या राजकारणापर्यंत बोलत जात आणि वाक्य संपलं की मागून काकू "हूं" म्हणत. त्या हूंवर पुढचं वाक्य चालू होई. काकू रागावल्या की हूं बंद करत. मग काका चालता चालताच विचारत, "ऐकलं का?" हे विचारणं होतं, तसंच ते काकूंचं नावही होतं. बायकोला नावाने हाक मारायची रीत त्यांच्या घरात नव्हती. पाहुण्यांसमोर ते "घरातून चहा येईल" म्हणत. एकदा दवाखान्यात डॉक्टरांनी पेशंटचं नाव विचारलं, तेव्हा काकांनी आधी छताकडे पाहिलं आणि मग काकूंकडे बोट दाखवून म्हणाले, "यांलाच इचारा की. ताप आलाय, वाचा गेली नाय."

नात्यातल्या लग्नांत काका वरातीच्या घोड्याच्याही पुढे असत. एका वरातीत बँडवाल्यांनी त्यांना पुढारी समजून त्यांच्या मागोमाग चुकीच्या गल्लीत वळण घेतलं होतं. नवरदेव घोड्यावरून ओरडत होता आणि काका न वळता सांगत होते, "या या, रस्ता मला ठावा हाय."

त्यांची मुलगी इटलीत मिलानला नोकरी करते. तिने दोघांना बोलावून घेतलं आणि स्वतःला रजा मिळेपर्यंत एका तळ्याकाठच्या लहानशा गावात खोली घेऊन ठेवलं. "तिथं काही करायचं नाही, नुसता आराम करा," असं तिने सांगितलं होतं. काही करायचं नाही ही सूचना काकांना समजली नाही. पहिल्याच सकाळी ते तळ्याचं पाणी कुठून बाहेर पडतं ते शोधायला निघाले. संध्याकाळी परतले ते नाराज होऊन. "एवढं पाणी, अन् एक पाट नाय काढलेला! खाली शेती नाय का कुनाची?" खोलीच्या मालकिणीने बोटभर कपात कॉफी दिली, तर म्हणाले, "औषध देती का ही?" काकू म्हणाल्या, "प्या गुमान. तिनं प्रेमानं दिली."

त्यानंतर तळ्याकाठी जे घडलं त्याच्या दोन हकिकती माझ्याकडे आहेत. एक काकांची, एक काकूंची.

काकांच्या म्हणण्याप्रमाणे, ते काठाच्या फरसबंद वाटेने चालले होते आणि जायकवाडीचा डावा कालवा आणि हे तळं यांतला फरक काकूंना समजावून देत होते. मागून हूं येत होती, पण जरा घोगरी. थंडीने घसा धरला असेल असं त्यांना वाटलं. बऱ्याच वेळाने, गळतीचा विषय संपवून, ते कधी नव्हे ते वळले. मागे एक म्हातारा इटालियन गृहस्थ होता. टोपी काढून, अतिशय आदराने तो हुंकारत "सी, सी", म्हणजे हो हो, म्हणत होता. काकू नव्हत्या.

काका घाबरले. माणूस हरवलं की हाक मारायची असते आणि हाकेला नाव लागतं. त्यांच्याकडे होतं ते त्यांनी वापरलं. आइस्क्रीमच्या दुकानांवरून, छत्र्यांखाली बसलेल्या लोकांमधून ते ओरडत सुटले, "ऐकलं का! अवो, ऐकलं का!" सगळ्यांनी ऐकलं. टोपीवाला म्हातारा मागे होताच. त्याने काकांचा दंड धरून थांबवलं आणि खुणेने विचारलं, नाव काय? काका सांगतात, "पेपरवाले, गावात लग्नाच्या पंगतीत बायांनी घास अडवून नाव घ्यायला लावलं व्हतं, त्याच्यानंतर नाय. जीभच वळंना." शेवटी त्यांनी म्हाताऱ्याच्या कानात सांगितलं. म्हाताऱ्याने तळ्याकडे तोंड केलं, छाती भरून घेतली आणि गावाला ऐकू जाईल अशा आवाजात हाक दिली, "चान्द्राकाला!" आइस्क्रीमवालीनेही हाक दिली. दोन पोरी हसत हसत ओरडल्या. होडीतला एक जण ओरडला. त्या गावात काकूंचं नाव काही वेळ नुसतं घुमत होतं. मग काकांनीही डोळे मिटले आणि हाक मारली.

काकूंची हकिकत लहान आहे. त्या थकल्या म्हणून वाटेतल्या एका बाकड्यावर बसल्या. "मी आवाज देनार व्हते, पर ह्यांचं कालव्याचं चालू झालं व्हतं, कोन तोडंल?" लोक त्यांच्या नावाने ओरडत होते तेव्हा त्या झाडाआड तिथेच होत्या. मी विचारलं, मग ओ का नाही दिली?

"ती लोकं मारत व्हती ना हाक," काकू म्हणाल्या. "ह्यांची कुठं आली व्हती?"

काकांची हाक आली तरी त्या लगेच बोलल्या नाहीत. दुसरी येते का, याची वाट पाहिली. दुसरी आली. मग त्या म्हणाल्या, "हूं."

राहिलेले दिवस काकू रोज त्या बाकड्यावर बसल्या. काका चकरा मारत आणि प्रत्येक चकरेला बाकड्यापाशी येऊन त्या आहेत की नाही ते बघून जात. बसले मात्र नाहीत. परत आल्यावर गल्लीने इटली कशी होती म्हणून विचारलं. काकांनी काठाच्या दगडी बांधकामावर भाषण दिलं. काकू म्हणाल्या, "बाकडं चांगलं व्हतं."

पुढे फिरायला जाताना काकू मुद्दाम हूं रोखून धरू लागल्या. मला गच्चीतून सगळं ऐकू येई.

"ऐकलं का?"

मागून नुसत्या चपला वाजत.

"अवो, ऐकलं का?"

"हाक मारा की."

"कुनाला?"

"मला."

"तू तर हितंच हाय की!"

"तिकडं तर बोंबलत व्हता."

"तिकडं कोन वळखीचं व्हतं?" असं म्हणून काका पुढे चालू लागत. कोपऱ्यावर काकू हसून हूं देऊन टाकत. ओळखीच्या गल्लीत त्यांना ती हाक काही मिळाली नाही.

गेल्या वर्षी उन्हाळा सरता सरता काकू गेल्या. आजार थोड्या दिवसांचा होता. मुलगी येऊन राहिली, जाताना बापाला बरोबर चला म्हणाली. काका म्हणाले, "तिकडं नको. तिकडं ते बाकडं हाय."

नंतर काका एकटेच फिरायला जाऊ लागले आणि लवकर परतू लागले. मागे कुणी नसलं की त्यांना बोलता येत नाही, आणि बोलता आलं नाही की चालताही येत नाही. म्हणून ऑफिसला उशिरा जायचं असेल त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर निघतो. बरोबर म्हणजे चार हात मागे. वाक्य संपलं की हूं म्हणतो. माझ्या कामावर ते खूश नाहीत. "पेपरवाले, तुमची हूं लई घाईची हाय. वाक्य पुरं होऊ द्यावं मानसानं." मी प्रयत्न करतो.

परवा आम्ही हर्सूलच्या तलावावर गेलो होतो. काका बांधावरून पुढे चालले होते, तलावातल्या गाळाविषयी बोलत होते. मला ऑफिसचा फोन आला म्हणून मी थांबलो. ते बोलत बोलत बरेच लांब गेले. त्यांचं वाक्य संपलं असावं, कारण ते थांबले. माझी हूं गेली नव्हती.

ते वळले नाहीत. वारा माझ्या बाजूला होता, त्यामुळे मला स्पष्ट ऐकू आलं.

"चंद्रकला," ते म्हणाले.

आवाज मोठा नव्हता. बांधावर गुराखी होते, शेंगावाला होता, ओळखीचे दोघे-तिघे होते. फोनवर कुणीतरी हॅलो हॅलो करत होतं. मी तो बंद केला. ती हूं माझ्याकडे नव्हती.

काका पाण्याकडे तोंड करून उभे राहिले. जरा वेळाने त्यांनी पुन्हा हाक मारली, तशीच. मग चालू लागले. या वेळी सावकाश, मागच्या माणसाला गाठता येईल इतके सावकाश.