नर्मदाकाकीच्या खिडकीतली राळ

नर्मदाकाकीचा जगात कोणावर विश्वास असेल तर तो स्वतःच्या नाकावर. उभा जन्म मासळी विकण्यात गेला. लिलावात सुरमई समोर आली की विकणारा शपथा घेत असायचा आणि ही बाई कल्ला उघडून त्यात नाक खुपसायची. बर्फवाल्यावर संशय, रिक्षावाल्यावर संशय, हसून बोलणाऱ्या गिऱ्हाइकावर तर दुप्पट. नवरा गेल्यावर देवबागेत एकटीने घर चालवायचे, तर एवढे तिखट राहावेच लागते, असे तिचे म्हणणे. ते काही अगदीच खोटे नव्हते.

या संशयातून एकच माणूस सुटला होता, तो म्हणजे मितेश. धाकट्या दिराचा मुलगा. त्याची आई लवकर गेली आणि काकीने त्याला आपल्या ताटात जेवू घालून वाढवले. आता तो शेजारीच राहायचा आणि घरच्या घरी होडीवाल्यांचे वायरलेस, जीपीएस दुरुस्त करायचा. तारकर्लीपर्यंतचे मच्छीमार त्याच्याकडे यंत्रे घेऊन यायचे. काकी ज्याला त्याला सांगायची, "आमच्या मितेशच्या हातात जादू आसा."

पुढे त्याच हातातल्या जादूची तिला भीती वाटू लागली.

झाले असे, की मितेशने कामाच्या टेबलाजवळच्या खिडकीतून एक पाइप बाहेर काढला. कशाला, ते त्याने सांगितले नाही आणि हिनेही विचारले नाही. मग दुपार कलून समुद्राकडचा वारा सुटला की काकीच्या स्वयंपाकघरात एक वास येऊ लागला. नाकाने लगेच ओळखले: राळ! होड्यांच्या सांध्यांत भरायला पूर्वी राळ उकळत, तो वास ती लहानपणापासून ओळखत होती. पण आता होड्या फायबरच्या. मग राळ जाळतो कोण? निखाऱ्यावर राळ टाकणारा दुसरा माणूस एकच, देवस्की, म्हणजे करणी, करणारा.

एकदा हे डोक्यात बसले आणि जिकडेतिकडे पुरावे सापडू लागले. कोंबडी अंडी देईना. दूध नासले. अंगणाच्या कडेला पिळलेले लिंबू सापडले. ते मितेशच्या बायकोने, संचिताने, सरबत करून फेकलेले होते, पण काकीने ते काठीने उचलून थेट खाडीत टाकले. मितेशने मागे होमस्टे बांधायला हिची परसातली जागा मागितली होती आणि ही "बघू" म्हणाली होती. म्हणजे कारणही मिळाले. संचिताने सोलकढी पाठवली, ती केळीच्या बुंध्याशी ओतली गेली. ज्याला आपण भरवले त्याच्या घरचे ओतून द्यायचे! त्या दिवशी काकी केळीजवळ उभी राहून रडली.

आणि तिची छाती शिट्टी वाजवू लागली. संध्याकाळी दम लागायचा, रात्री खोकला. मालवणच्या डॉक्टरांनी तपासून शुद्ध मराठीत विचारले, "घरात कसला धूर होतो का?"

"छे, गॅस आहे आमच्याकडे," काकीही तितक्याच शुद्ध मराठीत म्हणाली. करणीची गोष्ट डॉक्टरला कशाला सांगायची? त्याच्याकडे का तिच्यावर गोळी असते!

त्याऐवजी ती गावाची राखण करणाऱ्या, वेशीवरच्या देवचाराकडे गेली. एकटीच. नारळ ठेवला, विडी ठेवली आणि गाऱ्हाणे घातले, "बा देवचारा, ज्या हातान माझ्या घरात हो धूर सोडलो, तो हात जाग्यावर रवांदे, परत हलाक नको." नाव घेतले नाही. घेववलेच नाही.

पण मन राहीना. दोन दिवसांनी दम लागलेला असतानाच ती तरातरा मितेशच्या घरात शिरली. तो टेबलाशी वाकून एका वायरलेसला सोल्डरिंगचा डाग देत होता. तापलेल्या टोकाशी तार टेकली की बारीक धूर निघायचा आणि समोरच्या छोट्या पंख्यातून पाइपात शिरायचा. तोच वास.

"ही राळ कोणासाठी जाळतंस रे?"

"जाळतंय खंय? ह्या तारेतच असता ती काकी, डाग नीट बसाक." तो हसला. "माझीच छाती वाजाक लागली म्हणान पंखो लावलंय. डॉक्टरान सांगल्यान, धूर आत घेव नको, भायर सोड."

"भायर म्हणजे खंय?"

मितेशने पाइपाकडे पाहिले. पाइप खिडकीतून बाहेर, आणि समोर हातभर अंतरावर काकीची स्वयंपाकघराची खिडकी. त्याचा चेहरा उतरला.

"काकी, तुझो खोकलो..."

पंखा बंद करायला तो घाईने उठला आणि तापलेले टोक त्याच्या उजव्या हाताला चरचरून लागले. चार बोटांवर फोड आले. काकीने देवचाराकडे मागितले होते ते मिळाले होते.

त्याच संध्याकाळी पाइप छपराच्या वर नेला गेला. मितेश डाव्या हाताने काम करत होता आणि संचिता शिडी धरून उभी होती. दुसऱ्या सकाळी काकी म्हणाली, "माका देवचाराकडे घेवन चल." हात भाजलेला म्हणून संचिताची हलकी स्कूटर घेतली, पण चालवली त्यानेच, हळूहळू.

काकीने नारळ ठेवला. "बा देवचारा, माझ्या तोंडातसून जा काय भायर पडला आसात, ता परत घे. पोराचो हात बरो कर."

गाऱ्हाण्याला मागून कोणीतरी होकार द्यायचा असतो.

"व्हय म्हाराजा!" मितेश मागून म्हणाला.

काकीने चमकून वळून पाहिले. तो खाली मान घालून उभा होता.

"काकी, त्या दिवशी तू हय इल्लंस, ता माका गावातसून कळला होता," तो म्हणाला. "माझा नाव घेतलंस?"

लिलावात चार माणसांना गप्प करणारी ती बाई, पण खोटे बोलायला तिचे तोंड उघडेना.

"नाव नाय घेतलंय रे," ती म्हणाली. "हात म्हटलंय."

मितेशने पट्टी बांधलेल्या हाताने स्कूटर सुरू केली आणि काकी मागे नीट बसेपर्यंत थांबला.