गाण्याच्या मधेच शाल

दिवाळी झाली की अर्जुनी मोरगावच्या आसपास गावोगावी मंडई भरते. दुपारच्या त्या जत्रेत आमच्या पार्टीचा डान्स हंगामा असतो, म्हणजे गाण्यांवर पोरींचे नाच आणि मधे एखादं नाटुकलं. प्रत्येक पोरीला शिट्ट्या मिळतात. मी मात्र पाच वर्षं नाटुकल्यात खाटेवर बसून रडणारी बहीण! काऊन, त माझा डावा पाय पोलिओनं वाळलेला. वैताग नुसता. शेवटी भांडून भांडून एक गाणं मिळवलं. पाठ उघडी असलेला लाल ब्लाउज घालायचा आणि कुबडी घेऊन नाचायचं.

गाणं वाजलं आणि भाऊ, म्हणजे आमच्या पार्टीचे मालक, माइकवर ओरडले, “आपल्या दिव्यांग भगिनीसाठी जोरदार टाळ्या!” झालं! शिट्ट्या मारायला आलेले पोट्टे पंधरा ऑगस्टला वाजवतात तशा टाळ्या वाजवू लागले. एक म्हातारी डोळे पुसत होती. कहर म्हणजे गाणं चालू असतानाच सरपंच शाल-नारळ घेऊन स्टेजवर! माझ्या उघड्या पाठीवर त्यांनी शाल घातली. एका हातात कुबडी, दुसऱ्या हातात नारळ. आता नाचू कशानं, डोंबलानं?

आत आल्यावर मी नारळ भाऊंच्या पुढ्यात आपटला.

“काऊन सांगितलं तुमी?”

“सांगावं लागते वो बाई. नाही त लोकं हासतील.”

“हासू द्या! उद्या माइक धरला त मी चालली घरी.”

ते फुगून बसले, पण दुसऱ्या दिवशी माइकला हात लावला नाही. इटियाडोह धरणाच्या कालव्याकाठचं गाव होतं. मी स्टेजवर गेले आणि कोणीतरी ओरडलं, “अबे, लंगडी आली!” सगळे हसले. भाऊ खरं बोलले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डोळ्यांत पाणी आलं, त्याचाही राग आला. पण गाणं काही थांबत नाही. मी कुबडी त्याच पोट्ट्यावर रोखली, डोळा मारला आणि कुबडीच्या जोरावर गर्रकन गिरकी घेतली. पहिली शिट्टी आली. मग दुसरी.

पुढच्या ओळीतली एक बाई ताडकन उठली. हात नाचवत ओरडली, “लाज नाही वाटत काय वो, सटवे? लेकराबाळायपुढे कंबर हालवून राहिली!”

बाकीच्या पोरींना रोज मिळते तीच शिवी. मला आजवर कोणी दिली नव्हती.

मी तिच्या अगदी समोर गेले आणि पुन्हा कंबर हलवली.