बदाम सातचा डाव

"कान धर. आजारी मुलीला हरवतात का?" शर्वरीची आई माझ्या मुलीला म्हणाली.

शर्वरी पलंगावर. माझी सोनल खाली फरशीवर. बदाम सातच्या डावात सोनल जिंकली होती. एवढाच गुन्हा. तिनं माझ्याकडं बघितलं. आणि मीच म्हटलं, "धर गो कान." धरले तिनं.

मी शर्वरीची नर्स. महाडजवळचं मोठं जमीनदार घर. नऊ वर्षांची पोर, मुंबईच्या डॉक्टरांनी हात टेकले म्हणून घरी आणलेली. दुखण्याचं औषध, पाठीच्या जखमा, कूस बदलणं, सगळं मी करायचे. शर्वरीला सोबत हवी म्हणून दर रविवारी सोनलला आणायचं, हा वहिनींचा, म्हणजे शर्वरीच्या आईचा, हुकूम. पोलादपूरच्या वरच्या वाडीतून एसटीनं आणायचे.

खरं सांगते, मला हेवा वाटायचा. मरायला टेकलेल्या पोरीचा हेवा! तिची आई दिवसभर तिच्या उशाशी. माझी पोर तापानं फणफणली तरी मी गोळी देऊन तिला शेजारणीकडं टाकायचे. शर्वरीची पाठ चोळता चोळता मी आतून जळायचे. वहिनींवर तर जास्तच. त्यांना रडता यायचं. माझे डोळे भरले की म्हणायच्या, "तिच्यासमोर नको. बाहेर जा." मी मोरीत जाऊन तोंड धुवायचे.

कान धरले त्या संध्याकाळी सोनल घरी आल्यावर म्हणाली, "आये, मी हरायला येनार नाय."

पुढच्या रविवारी तिला नेलं नाही. शर्वरी म्हणाली, "मावशी, सोनलला आण ना. बाकी सगळे मुद्दाम हरतात."

वहिनी दारातच होत्या. "आण उद्या. पण नीट समजावून आण."

"येईल," मी म्हटलं. "पलंगावर बसंल. जिंकली तर जिंकंल. कान धरनार नाय."

"मग राहू दे."

"राहू दे."

शर्वरीनं भिंतीकडं तोंड केलं. पुढं ती गेली तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता. सोनल तिला पुन्हा भेटली नाही. ते मला अजून लागतं. पण तो शब्द मी मागे घेणार नाही.

आता नव्या घरी कामाला उभी राहिले की आधी सांगते. दिवस मागा, रात्र मागा, देईन. पगारात मी येते. माझी मुलगी येत नाही.