एक हात म्हणजे एक बोट

तुळशीराम गेल्याचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर कपडे वाळत घालत होतो. फोन त्याच्या नातीचा, रेवाचा, अकोल्याहून. "मास्तर आजोबा, आबा गेले," एवढंच म्हणाली. मी उरलेले कपडे वाळत घातले आणि खाली आलो. सत्तरी ओलांडली की असे फोन इतके येतात, की माणूस रडायचंही पुढे ढकलतो... मीही ढकललं.

त्याचं अमरावतीत फुलांचं दुकान, मी शाळेत चित्रकलेचा मास्तर. आमचं जमलं ते गाडीपायी. मूर्तिजापूरहून अचलपूरला जाणारी लहान रुळांची गाडी, आता बंद पडलेली, तो घरात हुबेहूब बांधत होता. जुन्या लग्नपत्रिका, खोक्यांचा पुठ्ठा, बांबूच्या काड्या, चाकांना कोटाची बटणं. रंगकाम माझ्याकडे. आमच्या बायका म्हणायच्या, यांचं म्हातारपण आलं तरी बालपण काही जात नाही.

मापाचा त्याचा कायदा वेगळाच. फुलवाला गजरा हातावर मोजतो, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत. त्यानं गाडीही तशीच मोजली. ती स्टेशनात उभी असताना हा डब्याला हात टेकवत टेकवत चालला आणि मी मागून वहीत लिहीत गेलो. डब्याची लांबी पंचवीस हात भरली. मग घरी पुठ्ठ्यावर बोटं आडवी मांडायची, एका हाताला एक बोट. मी फूटपट्टी पुढे केली तर म्हणाला, "मास्तर, तुमची पट्टी शाळेत ठेवा. माह्या हातानं मोजली, माह्या बोटानंच बनन." वीसेक वर्षांत इंजिन आणि दोन डबे झाले. घाई कोणाला होती?

तेव्हा शाळेतली पोरं गाडी पाहायला यायची. पुढे त्यांच्या हातात थर्माकोल आला, मग खोक्यात मिळणारे तयार संच, सगळे भाग आधीच कापलेले, नंबर टाकलेले. रेवा तर संगणकावर आकृती काढते आणि तिचं मशीन प्लॅस्टिकचा धागा वितळवून थरावर थर चढवतं. मी नाक मुरडायचो. तुळशीराम मात्र अकोल्याला गेला की त्या मशीनपुढे तासन्‌तास बसून राहायचा, कौतुकानं. मला त्याचा राग यायचा, खरं सांगतो.

साखरेनं त्याचं अंग उतरलं, दुकान सुटलं आणि मुलानं त्याला गाडीसकट अकोल्याला नेलं. तिसरा डबा त्यानं तिथंच बांधला. तो जाण्याच्या वर्षभर आधी, दिवाळीत, मी पाहायला गेलो. डबा गाडीला जोडला आणि मला लगेच दिसलं. आखूड होता, उंचीलाही बसका. त्यानं बोटं पंचवीसच मोजली होती, पण बोटच आता पहिलं राहिलं नव्हतं. लग्नातली अंगठी निसटू नये म्हणून तिला दोरा गुंडाळला होता. तो पाणी प्यायला आत गेला तेव्हा मी हळूच माझी बोटं मांडून पाहिली, तेवीसच भरली. आयुष्यभर पोरांच्या चित्रांतल्या चुका काढल्या, पण इथं जीभ उचलेना. तो परत आल्यावर, खिडक्या छान जमल्या, असं काहीतरी बोललो.

रेवा मात्र सरळ बोलून गेली, "आबा, हा डबा लहान झाला."

तुळशीरामनं डब्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या बोटांकडे. "डबा नाही लहान झाला, बाई. मीच बारीक होऊन राहिलो."

निघताना त्यानं माझा हात धरला. गाडी अशी ठेवू नका, डबा बरोबर करा, म्हणाला. मी हो म्हटलं. त्यानंतर वर्षभर तो होता, आणि मी काही केलं नाही. हात थरथरतात, प्रवास होत नाही... ही आपली कारणं. खरं म्हणजे तो डबा दुरुस्त करायला बसायचं, म्हणजे तो जाणार हे कबूल करायचं. तेवढं बळ माझ्यात नव्हतं.

तेरवीला गेलो तर रेवानं मशीनवरचा नवा डबा टेबलावर ठेवलेला. मी तोंड वाकडं करायच्या तयारीतच होतो. तिनं तो जोडला. छतं एका रेषेत आली. माप इंटरनेटवरून घेतलं का, असं मी जरा खोचकच विचारलं. तर तिनं पहिला डबा मोजला होता आणि पंचवीसनं भागला होता. संगणकावर तो आकडा दाखवला. त्याला नाव दिलं होतं, 'आबाचं बोट'. धडधाकट होता तेव्हाचं. यापुढे जे काही बनवीन ते याच मापानं, म्हणाली. फोन आला त्या दिवशीचं रडू मला तिथं आलं. नवा डबा मीच रंगवला. एक खिडकी बिघडली, ती तशीच राहू दिली.

आखूड डबा मागून घेतला आणि एसटीत मांडीवर ठेवून घरी आणला. आता तो माझ्या टेबलावर असतो. सकाळी धूळ पुसतो. काल पुसता पुसता त्याच्यावर पुन्हा माझी बोटं आडवी मांडून मोजलं. या वेळी चोवीस भरली.