अंगठ्याच्या माउसवर करंगळी

चहाचा कप आधी खाली ठेवा, नाहीतर नाकातून येईल. हसायचं तेवढं हसा, पण चूक माझी होती असं म्हणायचं नाही. फजिती झाली, कबूल. चूक? अजिबात नाही!

मी डावरी. साताऱ्याला शाळेत बाईंनी हातावर पट्ट्या मारल्या, लग्नानंतर सासूबाई "अगं, उजव्या हाताने वाढ" म्हणून म्हणून थकल्या. मी बदलले नाही. आणि वाशीच्या ऑफिसातला एक माउस मला बदलणार?

झालं असं. आमचं ऑफिस माल परदेशी पाठवायची कागदपत्रं करतं. सगळ्यांचे पासवर्ड मॉनिटरवरच चिकटवलेले. साहेब वैतागले आणि त्यांनी बोटाचा ठसा ओळखणारे माउस मागवले. माउसच्या डाव्या अंगाला एक काळी चकती. तिच्यावर बोट टेकवलं की कॉम्प्युटर उघडतो.

कॉम्प्युटरवाला सचिन माउस बसवायला आला.

"मॅडम, उजवा अंगठा ठेवा."

"का? माझा माउस डाव्या हाताला असतो."

"पण ही चकती अंगठ्यासाठीच दिलीय, मॅडम."

"कुणी सांगितलं? हे बघ!" मी डावा हात माउसवर ठेवला. चकतीवर बरोब्बर करंगळी आली. "बसली ना? मग हीच घे."

त्याने मुकाट्याने करंगळीचा ठसा घेतला. वर म्हणतो, "एक जादा बोट देऊन ठेवा. आणि पिन लक्षात ठेवा, कधी ठसा नाही लागला तर…"

"माझी करंगळी काय पळून जाणारेय?"

पिन मी रागारागात काहीतरी दाबला. काय दाबला, देव जाणे!

मग एक दिवस तळोज्याच्या एका कारखान्याची मंडळी आली. त्यांचं काम मिळावं म्हणून साहेब कधीचे मागे लागले होते. माहिती मी द्यायची होती. मी मोठ्या स्क्रीनपाशी उभी, आणि माझा लॅपटॉप, माउस लांबलचक टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला, साहेबांजवळ. त्यांचे मोठे साहेब, पाटणकर, बोलायला लागले ते थांबेचनात. तेवढ्यात स्क्रीन बंद! आता बोट लावल्याशिवाय उघडणार नाही.

साहेबांनी लांबून भुवया उंचावल्या, 'आता?'

पाटणकरांना मध्येच कसं तोडणार? मी गुपचूप करंगळी वर केली. म्हणजे काय? करंगळी लागेल, माउस इकडे सरकवा. यात न कळण्यासारखं काय आहे, तुम्हीच सांगा!

साहेबांनी मान खाली घातली. मी करंगळी परत दाखवली, चांगली हलवून हलवून. साहेब लालेलाल! मग मी माउसकडे बोट केलं. पण माउसच्या मागेच दार होतं ना!

साहेब उठलेच. "आपण पाच मिनिटं ब्रेक घेऊया का? आमच्या मॅडमना जरा… अर्जंट आहे."

"अहो साहेब, तसं नाही…"

"लाजायचं काय त्यात?" पाटणकर टुणकन उभे राहिले. "मला डायबेटिस आहे. मी तर केव्हाचा वाट बघत होतो!"

खोली रिकामी झाली. मी माउसकडे धावले, तर मीटिंगला बसलेल्या, ऑफिसात माझ्या शेजारी काम करणाऱ्या फरहानाने माझं मनगटच पकडलं.

"चल चल! मघापासून बघतेय मी. दाबून कशाला धरतेस? किडनी खराब होईल!"

"अगं, मला लागलेली नाहीये!"

"हो हो, कळलं. चल तू."

नेलं की हो मला ओढत! आणि बाथरूममध्ये गेल्यावर माणूस हात धुतोच. परत येऊन घाईघाईत ओली करंगळी चकतीवर टेकवली. नाही उघडला. ओढणीला पुसली, फुंकर मारली, परत टेकवली. नाही म्हणजे नाही! मंडळी आत आली तेव्हा मी करंगळी तोंडापुढे धरून फूफू करत होते. आणि स्क्रीन म्हणतोय, आता पिनच टाका.

"मॅडम, पिन?" साहेबांनी हळूच विचारलं.

मी खाडकन लॅपटॉप मिटला. "काही गरज नाही. मी तोंडी सांगते!"

आणि सांगितलं! कुठला कागद कुठे अडतो, जहाज चुकलं तर कंटेनरचं काय करायचं, सगळं, डावा हात नाचवून. पाटणकर मान डोलवत राहिले. काम मिळालं आम्हाला! मग कोण चुकलं?

दुसऱ्या दिवशी सचिन आला. "मॅडम, आता तरी अंगठा देता का?"

"जादा बोट पाहिजे ना तुला? उजवी करंगळी घे."

पुढे कागद न्यायला मी तळोज्याला गेले. मनात ठरवलेलंच, आज पाटणकरांना खरं काय ते ठणकावून सांगायचं. ते स्वतः दारापर्यंत आले, मला बघितलं आणि रिसेप्शनवरच्या मुलीला म्हणाले, "आधी मॅडमना लेडीज टॉयलेट दाखव. बाकी सगळं नंतर."

मी छाती पुढे काढून तोंड उघडलं…

आणि गेले हो मुकाट्याने तिच्या मागून! वाशीहून तळोजा, तो ट्रॅफिक, आणि निघताना घेतलेले दोन चहा. तुम्ही काय केलं असतं?