हातमोज्यांची पिशवी

"आधी हे घाल. मग तिला धर."

ईशानच्या आईने रिंकच्या कठड्यावरून पांढऱ्या सॅटिनचे हातमोजे पुढे केले. मी समोरच उभी होते, हात पुढे करून. तेरा वर्षांची. पायात आठ चाकांचे स्केट, केसांचा घट्ट अंबाडा. ईशानने आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मोजे चढवले.

मी आणि ईशान पेअर होतो. पेअरमध्ये मुलगा आणि मुलगी गाण्यावर एकत्र स्केटिंग करतात, मुलगा मुलीला डोक्यावर उचलून फिरवतो, ती लिफ्ट. आठ महिने आम्ही उघड्या हातांनी सराव केला होता. त्याच्या तळव्याला कुठे घट्टा आहे ते मी डोळे मिटून सांगितलं असतं.

"सर, मोजे कशाला?" मी विचारलं.

सर आपल्या शिट्टीची दोरी सोडवत बसले. "तुझ्या हाताला घाम येतो. घसरतं."

मला पटलं. याचीच मला आज सगळ्यात जास्त चीड येते. कारण आदल्या दिवशी काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. काकू, म्हणजे ईशानची आई, स्पर्धेचा ड्रेस द्यायला थेरगावला आमच्या खोलीवर आल्या होत्या. समोरच्या भिंतीवर बुद्धाचा फोटो. आईने पाणी आणलं. काकूंनी फोटोकडे पाहिलं, मग पेल्याकडे. "नको, आत्ताच प्यायले." तीन जिने चढून आल्या होत्या, धापा टाकत होत्या. त्या गेल्यावर आईने पाणी मोरीत ओतलं.

आणि दुसऱ्या दिवशी मोजे. लहान पोरालाही कळावं असं होतं. पण सर म्हणाले घाम, म्हणून घाम. मी रोज तळव्यांना पावडर चोळायला लागले. आईची पावडर संपवली. वर्गात पाटीसारखे हात उलटेसुलटे करून बघत बसायची.

राज्य स्पर्धेत ईशानने मला वर उचललं. माझा सगळा भार त्याच्या हातावर. सॅटिन सरकलं.

सिमेंट. हनुवटी फुटली. डावा खांदा निखळला. भानावर आले तेव्हा माझ्या मुठीत त्याचा मोजा होता. रिकामा. त्याची पाच बोटं लोंबत होती.

काकू सगळ्यांना ऐकू जाईल अशा बोलल्या, "सांगत होते ना मी? तिच्या हाताला घाम येतो."

चार दिवसांनी पप्पांनी मला टाक्यांसकट त्यांच्यासमोर नेऊन उभं केलं. पप्पा चाकणला मशीनवर होते, वरच्या माणसापुढे मान खाली घालायची सवय लागलेली. "मॅडमना सॉरी म्हण, बाळा. त्यांच्या पोराचं वर्ष गेलं."

मी म्हणाले, "सॉरी, काकू."

पडले मी. फुटले मी. सॉरी मीच म्हणाले.

ईशानला दुसरी जोडीदार मिळाली. माझी पेअर तिथेच संपली. मी डिप्लोमा केला, चाकणच्या एका पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला लागले. तिथे घामाची गंमत वेगळीच असते. काही जणांच्या हाताला असा घाम येतो की चकचकीत पार्टला हात लागला की दुसऱ्या दिवशी बोटांचे गंजलेले ठसे उमटतात. अशा माणसाला लगेच त्या टेबलावरून हलवतात. मी सहा वर्षं त्या टेबलावर आहे. माझा एक ठसा कधी निघाला नाही.

तरी मी रोज सकाळी पावडर चोळते. कंपनीच्या बसमध्ये दांडा धरला की तळव्याखाली सॅटिन सरकतं. अजून. रोज.

आणि आता जे सांगते ते सांगायची लाज वाटते. शनिवार-रविवार मी त्याच रिंकवर सरांच्या हाताखाली लहान मुलांना शिकवत होते. एव्हाना मोज्यांचा नियम झाला होता. पेअरमधल्या मुलाने मोजे घालायचेच. का, ते कुणी विचारत नव्हतं. तो माझ्यापासून सुरू झाला हे ठाऊक फक्त सरांना आणि मला. मोज्यांची पिशवी माझ्या खांद्यावर असायची. वाटायचे मीच. धुऊन आणायचे मीच.

यंदा एक कोरियन बाई लेकीला घेऊन रिंकवर यायला लागल्या. नवरा चाकणच्या एका कंपनीत साहेब. या बाई तिकडे बर्फावर पेअर करायच्या, देशाकडून खेळलेल्या. मोडक्या हिंदीत सांगायच्या. त्यांच्याकडे पेअरला मुलगेच मिळत नाहीत. पहिला जोडीदार एकट्याने खेळायला निघून गेला. दुसरा परदेशातून आणला, त्याची भाषा यांना येईना, यांची त्याला. तीन वर्षं नुसत्या हातांवर बोलणं. एका मोठ्या स्पर्धेत सगळ्यात शेवटचा नंबर. मग तोही गेला. बाई वर्षभर एकट्याच सराव करत राहिल्या, हवेत हात धरून. कुणी आलं नाही. संपलं.

त्या दिवशी सृष्टीची पहिली लिफ्ट होती. सृष्टी बारा वर्षांची, तिची आई तळवड्याला एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटते. जोडीदार प्राधिकरणातल्या बंगल्यातला. मी पिशवीत हात घातला.

"दस्ताना क्यों?" बाईंनी विचारलं.

"नियम है. पसीना आता है."

"किसको?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "मुझे."

बाईंनी माझा हात हातात घेतला. दोन्ही हातांनी दाबून पाहिला. त्यांचे तळवे अजून खरबरीत होते. "सूखा है," त्या म्हणाल्या. "लिफ्ट में मेरा हाथ, उसका हाथ. बीच में कुछ नहीं. नहीं तो लड़की गिरती है."

मुलगी पडते. बस, एवढंच. हे सरांना शिकवायला कोरियाहून माणूस यावा लागत नव्हता. त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मोजे घातले तर मी पडेन हे ठाऊक होतं, आणि त्यांनी घालू दिले.

सृष्टी हात पुढे करून उभी होती. अगदी तशीच.

"अगं, मोजे दे त्याला," सर ओरडले.

"नाही देणार."

"काय?"

"माझ्या हाताला घाम येत नव्हता, सर. तुम्हाला माहीत होतं."

कठड्यावरचे पालक आमच्याकडे वळले. सरांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "जुनं कशाला उकरतेस? पालकांना काय सांगू मी?"

"जे मला सांगितलं नाहीत ते सांगा."

"उद्यापासून येऊ नकोस."

पिशवी मी त्यांना दिली नाही. घरी आणली. दारात आईने विचारलं, "हे काय गं?" तेव्हा सगळं सांगितलं, पाण्याच्या पेल्यापासून. आई म्हणाली, "मला कळलं होतं त्या दिवशीच." पप्पा ऐकत होते. मान वर झाली नाही त्यांची. मी त्यांना धीर दिला नाही. द्यायचा नव्हता.

येत्या रविवारी मी रिंकवर जाणार आहे. आत सोडलं नाही तर कठड्यापाशी उभी राहीन, जिथे काकू उभ्या होत्या तिथेच. सृष्टीच्या आईला सगळं सांगितलंय, ती सोबत येतेय. आणि रिंकवरून थेट काकूंच्या दारात. पाणी मागायला नाही. त्यांच्या पोराचा रिकामा मोजा इतकी वर्षं माझ्या कपाटात आहे, तो परत द्यायचाय. आणि माझं सॉरी परत घ्यायचंय, त्यांच्या तोंडावर, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

आमच्या मुलीला उचलायचं असेल तर उघड्या हाताने धरा. नाहीतर हात लावू नका.