दोघांच्या गोळ्या

“गोनोरिया आहे,” डॉक्टरबाई म्हणाल्या आणि हात धुवायला गेल्या. कोल्हापुरातल्या त्या दवाखान्यात मी पडद्याआड एकटीच पडून होते. परत येऊन त्यांनी मला समजेल असं सांगितलं. जुनी माणसं ज्याला परमा म्हणतात तो हा आजार, शरीरसंबंधातून लागणारा.

नवऱ्याशिवाय दुसरा पुरुष मला ठाऊक नव्हता. तो गुळाच्या गाड्यांबरोबर गुजरातला जायचा. मध्यंतरी लघवीला जळजळ होते म्हणून सब्जाचं पाणी पीत होता. घरात त्याला उष्णता म्हणाले. पुढे माझ्या अंगावरून पिवळं जायला लागलं, तर तीही उष्णताच.

“औषधानं बरं होतं,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “पण दोघांनी एकाच दिवशी गोळ्या घ्यायच्या. नंतर आठ दिवस जवळ यायचं नाही. मिस्टरांनी घेतल्या नाहीत, तर तुम्हाला परत त्यांच्याकडूनच लागण होणार.” त्यांनी दोन पुड्या दिल्या.

मुरगूडला येऊन मी त्याची पुडी त्याच्या हातात ठेवली. त्याने ती सासूबाईंच्या पुढ्यात टाकली. “मला काय धाड भरल्या?” जळजळ आपोआप थांबली होती, म्हणजे गडी ठणठणीत.

सासूबाईंनी निकाल दिला. “ह्ये बायकांचं दुखणं. बाप्या मानसानं कशाला गोळ्या खायाच्या? दोन्ही तूच खा, लवकर बरी हुशील.”

आणि मला समोर बसवून दोन्ही पुड्या खायला लावल्या. दिवसभर उलट्या झाल्या. औषध लागू पडलं असं सासूबाई म्हणाल्या. आठ दिवसांचं पथ्य नवऱ्याने दोन दिवसही पाळलं नाही. सासूबाई पलीकडच्याच खोलीत होत्या, मी कुणाला हाक मारणार?

काही महिन्यांनी ताप भरला, पोटाला हात लाववेना. पुन्हा तोच दवाखाना, तोच पडदा. या वेळी तपासणीनंतर पीआयडी हा शब्द ऐकला. म्हणजे जंतू वर चढून गर्भाशयाला आणि बीजवाहक नळ्यांना सूज आलेली. मूल होणं अवघड जाऊ शकतं, असं त्या जपून बोलल्या. मग विचारलं, “मिस्टरांनी गोळ्या घेतल्या होत्या ना?”

“त्या पण मीच खाल्ल्या,” मी म्हटलं. त्यांनी नर्सला सलाईन लावायला सांगितलं.

सलाईन संपल्यावर मी सासरी गेलेच नाही. नवऱ्यासाठी दिलेली नवी पुडी घेऊन कुरुंदवाडला, आईकडे गेले. तिला सगळं सांगितलं. आई रडली नाही, चिडली.

बैलांचा सण, बेंदूर, जवळ आला तसा नवरा मला न्यायला आला. नैवेद्याच्या पोळ्या करायला घरात सून हवी होती. जावई म्हणून आईने मटण केलं, पाट मांडला, तांबडा-पांढरा रस्सा वाढला. लिंबाची फोड ठेवतात तिथे तिने गोळ्या ठेवल्या.

“पावणं, आदी ह्ये गिळा. मग जेवा.”

“मला काय झालंय?”

“न्हाई घेतल्या तर लेक न्हाई पाठवायची. आन् का न्हाई पाठवली त्ये मुरगूडात येऊन सांगीन की.”

त्याने गिळल्या. आईने पाण्याचा तांब्या स्वतः पुढे केला. त्याला एकट्यालाच परत पाठवलं. बेंदराच्या पोळ्या सासूबाईंनी केल्या. औषधं पूर्ण करून, तपासणीत आजार गेल्याचं कळल्यावरच मी परतले, ते निरोधची पाकिटं घेऊन. गुजरातची वाट ज्याला सुटत नाही त्याच्यावर मी पुन्हा भरवसा ठेवणार नव्हते.

आजार परत आला नाही. डॉक्टरबाईंचे आणि आईचे उपकार आहेत. पण पुढे एक्स-रे फोटो काढला तेव्हा दोन्ही बीजवाहक नळ्या बंद निघाल्या. मला मूल नाही. गावाच्या लेखी अजून माझ्याच अंगात उष्णता आहे. ज्या बाईला डॉक्टर दोन पुड्या देतील तिने दुसरी पुडी नवऱ्याने गिळताना डोळ्यांनी बघावी, एवढं सांगायला हे लिहिलं.

सासूबाईंना हल्ली बीपीची गोळी आहे. परवा तोंड वाकडं करून म्हणाल्या, “नगं वाटतीया ग आज.”

“द्या इकडं,” मी हात पुढे केला. “तुमची पण मीच खाते.”

त्यांनी खाली बघून पाणी मागितलं.